वही क्रमांक बारा

पर्स लॉकरमध्ये, कोट लॉकरमध्ये, पाण्याची बाटली लॉकरमध्ये. पेन तर खिशातसुद्धा चालत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या या वाचनखोलीत शिरताना पद्मिनी खांबेटेला वाटलं, देवळात निदान चपला काढून भागतं, इथे माणसाला पुरतं रिकामं करूनच आत सोडतात. मग एक टोक केलेली पेन्सिल हातात देतात आणि मोठ्या टेबलापाशी बसवतात. पुढ्यात फोमची मऊ उशी आणून ठेवतात. उशी आपल्यासाठी नसते, वहीसाठी असते. जुन्या वहीच्या पाठीला ताण पडू नये म्हणून.

पद्मिनीच्या पाठीची चौकशी गेल्या पावणेदोन वर्षांत फारशी कोणी केली नव्हती. गुरुनाथ गेल्यावर पहिले तीन महिने अमेरिकेतल्या त्यांच्या गावातल्या, वेस्ट विंडसरमधल्या, ओळखीच्या बायका आलटून पालटून डबे घेऊन आल्या. मग त्यांचेही संसार होते, मुलांचे क्लासेस होते. ज्याला त्याला आपलं पडलेलं असतं, यात कोणाचा दोष नाही. पण अर्धी वाटी तांदूळ घेताना पद्मिनीचा हात सवयीने डब्यात दुसऱ्यांदा जायचा.

खोलीत आणखी तीन माणसं होती. एक टक्कल पडलेले गृहस्थ शंभर वर्षांपूर्वीच्या हॉटेलांची मेनूकार्डं भिंगातून बघत बसले होते आणि मधूनच आवंढा गिळत होते. खिडकीजवळची बाई कुठल्याशा शेतकरणीच्या डायऱ्या वाचत होती. त्या शेतकरणीने म्हणे बावीस वर्षं रोज एकच ओळ लिहिली होती, आज पाऊस, आज बर्फ, आज वारा. तिसऱ्या टेबलावर एका दंतवैद्याने घेतलेले दातांचे प्लास्टरचे साचे मांडले होते. कपाटांत याहून अजब गोष्टी होत्या. मेलेल्या माणसांच्या केसांच्या बटा, बंद पडलेल्या बस कंपनीची तिकिटं, कुठल्याच दाराला न लागणाऱ्या किल्ल्या. जगाला नकोसं झालेलं सगळं इथे नंबर टाकून, पेटीत घालून, जिवापाड जपलं होतं.

आणि आता त्यात गुरुनाथही होता. त्याच्या एकेचाळीस वह्या, अकरा पेट्यांमध्ये.

गुरुनाथ खांबेटे म्हणजे पद्मिनीचा नवरा. जवळच्याच एका खाजगी प्रयोगशाळेत त्याने सत्तावीस वर्षं काढली. विजेच्या भट्टीत स्फटिक वाढवायचे, हे त्याचं काम. ती प्रयोगशाळा बंद पडली, तिची कागदपत्रं ग्रंथालयाला मिळाली, आणि दोन हजार सहाच्या सप्टेंबरमध्ये पद्मिनीला एक पत्र आलं. आपल्या दिवंगत पतीच्या नोंदवह्यांची यादी तयार झाली आहे, आपण केव्हाही येऊन बघू शकता. सोबत यादीची दोन पानं. कुठल्या क्रमांकाची वही कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, एवढंच.

ते पत्र वाचून पद्मिनी दारापाशीच खुर्चीत बसली. या वह्यांमध्ये रोजचा दिवस लिहिलेला असतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे तो दिवसही लिहिलेला असणार.

तो दिवस म्हणजे सात मार्च एकोणीसशे एकोणऐंशी. अमेरिकेत येऊन तिला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. नुकता सातवा महिना लागला होता, आणि पहाटे चारला मुलगा झाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही, हे मूल काही तासांचंच आहे म्हणाले. गुरुनाथ बाळाच्या पेटीच्या काचेपाशी दोन मिनिटं उभा राहिला. मग पद्मिनीकडे न बघता म्हणाला, ‘‘भट्टी चालू आहे. मधेच सोडता येत नाही. संध्याकाळी येतो.’’ आणि आठ वाजता गेला.

मूल दुपारी दोन चाळीसपर्यंत होतं. शेवटचा तासभर नर्सने ते तिच्या हातात दिलं. पद्मिनीने त्याला घरातल्या सगळ्यांची नावं सांगितली, कारण दुसरं काय सांगावं ते तिला सुचेना. आजोबा, आजी, दोन काका, तीन मावश्या. बाहेर बर्फ पडत होता आणि त्या अख्ख्या इमारतीत तिची भाषा कळणारं तेवढं एकच माणूस होतं, तेही गेलं. साडेसहाला गुरुनाथ आला. ती घाईत सपाता घालून आली होती, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीतून तिचे बूट घेऊन आला होता. ‘‘चल,’’ म्हणाला.

त्यानंतर दोघांनी त्या दिवसावर अवाक्षर काढलं नाही. दोन वर्षांनी इशिता झाली. गुरुनाथने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, शाळेत सोडलं, सायकल शिकवली. नवरा म्हणून त्याला नावं ठेवायला जागा नव्हती, आणि हीच तर पंचाईत होती. भांडखोर माणसाशी भांडून मोकळं होता येतं. हा मूग गिळून बसणारा, आणि ती तरी कुठे वेगळी होती?

तो गेला तेव्हा पद्मिनी रडली नाही. लोक म्हणाले, पद्मिनीताई फार खंबीर. खंबीर कसली. डोळे भरून यायला लागले की मधेच ते वाक्य आडवं यायचं. भट्टी चालू आहे. की रडं जागच्या जागी सुकायचं. रडता येत नाही म्हणून तिला त्याची आठवणही धड काढता येत नव्हती. त्या दिवशी ती भट्टी असं काय शिजवत होती, ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. खरंच सोडण्यासारखं नसेल, तर नसेल. मग निदान तिच्या मनाचा निकाल लागला असता.

शिवाय वेळ थोडा होता. घर विकलं गेलं होतं. ऑक्टोबरअखेर इशिता तिला कायमची देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला घेऊन जाणार होती, तिच्या टाउनहाउसमधल्या खालच्या खोलीत. म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पद्मिनीने मन घट्ट केलं आणि ती ग्रंथालयात आली.

काउंटरवर जी बाई होती तिने कार्डावरचं नाव वाचलं आणि मान वर केली. ‘‘खांबेटे? यू आर मराठी? मी पण. मी रेणू.’’ पस्तिशीची असेल. जन्म इथल्याच एडिसन गावचा, हस्तलिखित विभागाची प्रमुख. तिचं मराठी दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं कुठे सैल, कुठे घट्ट होतं, पण पुढचं वाक्य तिने न अडखळता म्हटलं, ‘‘काकू, कुठली वही आणू?’’

पद्मिनीजवळ हॉस्पिटलचा जुना दाखला होता. त्यावर इथल्या रीतीने, महिना आधी घालून, तारीख होती ३/७/७९. यादीत बघितलं तर चौदाव्या वहीपुढे अगदी तेच आकडे होते, ३/७/७९ ते ११/९/७९. तिने चौदा क्रमांक लिहून दिला.

वही आली, उशीवर उघडली गेली. पहिल्याच पानावर तारीख, ३/७/७९. खाली गुरुनाथच्या बारीक, सरळ अक्षरात आकड्यांचा रकाना. पद्मिनी लग्नाआधी पुण्यात कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घ्यायची, त्यामुळे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. भट्टी अकराशे चाळीस अंशांवर होती. दर दहा मिनिटांनी एक नोंद. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, रेघ न रेघ कामाची. शेवटी, ‘उद्या सुट्टी. भट्टीकडे वॉल्टर बघेल.’ त्याखाली गुरुनाथची सही, शेजारी साक्षीदार म्हणून त्या सहकाऱ्याची, वॉल्टरची. कंपनीचा तसा नियमच होता, रोजचं पान दुसऱ्याने वाचून सही करायची.

म्हणजे तो खोटं बोलला नव्हता. भट्टी खरंच चालू होती. पद्मिनीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिची नजर त्या आकड्यांवरून हलेना. एकही आकडा वाकडा नव्हता. पोटचं पोर जातंय आणि या माणसाचा हात एकदाही थरथरला नाही. हेच बघायला आले होते ना मी, तिने स्वतःला विचारलं, मग बघितलं की. तिने वही मिटली.

‘‘काकू, अजून काही आणू?’’ रेणूने विचारलं.

‘‘नको गं. झालं माझं काम.’’

ती घरी आली आणि तिने खोकी भरायला घेतली. दिवाळी आली. पद्मिनीने खोक्यांच्या गराड्यात एक पणती लावली, ती विझेपर्यंत शेजारी बसली, आणि जेवायचा कंटाळा आला म्हणून चिवडा खाऊन झोपली. मंडळाच्या कार्यक्रमाला या म्हणून एक फोन आला होता. पाय दुखतो असं तिने सांगून टाकलं.

दिवाळी सरली आणि मंगळवारी, चोवीस तारखेला, टाउनशिपचा इन्स्पेक्टर येणार होता. विकलेल्या घराचा ताबा द्यायचा तर स्मोक अलार्म तपासून दाखवावे लागतात. सकाळी पद्मिनी स्टुलावर चढली आणि पॅसेजमधल्या अलार्मची बॅटरी बदलायला तिने त्याचं झाकण उघडलं. आतल्या बॅटरीवर काळ्या मार्करने गुरुनाथने तारीख घातली होती, १९/११/०३.

तिला हसू आलं. हा माणूस सगळ्यावर तारखा घालायचा. लोणच्याच्या बरणीवर, टायरवर, गाद्यांवर. आणि अख्ख्या अमेरिकेने महिना आधी लिहिला तरी हा दिवसच आधी लिहायचा. ‘‘एकोणिसावा महिना कुठला हो तुमचा?’’ असं ती चिडवायची. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, ‘‘दिवस आधी उगवतो, महिना नंतर भरतो.’’ बँकेने चेक परत पाठवले, ऑफिसने समज दिली, पण या बाबाने हेका सोडला नाही.

हसता हसता पद्मिनी स्टुलावर थिजली.

तीन सात. त्याच्या हिशोबी ती तीन जुलै. उद्या सुट्टी, असं त्याने लिहिलं होतं. आठ मार्चला कसली सुट्टी? सुट्टी चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची. इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि तिने, फिजिक्स शिकवलेल्या बाईने, रागाच्या भरात ती ओळ वाचून सोडून दिली होती. पंधरा दिवस ती त्याला भलत्याच दिवसाबद्दल बोल लावत बसली होती.

ती जपून खाली उतरली आणि तिने यादी शोधून काढली. वही क्रमांक बारा, ८/१/७९ ते ९/३/७९. ग्रंथालयातल्या कोणी बिचाऱ्याने वहीवर दिसल्या तशा तारखा टाइप केल्या होत्या. वाचणारा म्हणेल ऑगस्ट ते सप्टेंबर. होती ती जानेवारी ते मार्च.

तिने लगेच फोन लावला. रेणूने कॉम्प्युटरवर बघितलं. ‘‘काकू, बारा नंबर दुसऱ्या बॉक्समध्ये आहे, आणि तो बॉक्स ऑफसाइट आहे. वेअरहाउसमधून यायला टू-थ्री डेज लागतात. फ्रायडेला येईल.’’

‘‘शनिवारी सकाळी माझी फ्लाइट आहे गं. मी परत येणार नाही.’’

पलीकडे पुन्हा कीबोर्डची टकटक झाली. ‘‘मग फ्रायडेला लंचनंतर या. ट्रक आला की मी सगळ्यात आधी तुमचा बॉक्स ओपन करते.’’

ते तीन दिवस पद्मिनीने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. ज्या भांड्यांना पुन्हा हात लागणार नव्हता, तीही तिने घासून ठेवली. इशिता शुक्रवारी संध्याकाळी सहाला नूअर्कच्या विमानतळावर उतरणार होती. फोनवर तिने विचारलं, ‘‘आई, फ्रायडे आफ्टरनूनला तू घरी नाहीस? व्हाय?’’ पद्मिनी म्हणाली, ‘‘लायब्ररीत थोडं काम आहे.’’ इशिताला भाऊ होऊन गेला, हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आता फोनवर कुठून सुरुवात करणार? आणि त्या पानावर याहून वाईट काही असलं तर? किंवा काहीच नसलं तर?

शुक्रवारी ट्रक उशिरा आला. अडीच वाजले, तीन वाजले. पावणेपाचला वाचनखोली बंद व्हायची होती. मेनूकार्डवाले गृहस्थ आपल्या जागी होते. पद्मिनी रिकाम्या उशीकडे बघत बसली होती. सव्वातीनला रेणू स्वतः वही घेऊन आली आणि तिने ती उशीवर ठेवली.

पानं सावकाश उलटली. पाच मार्च, सहा मार्च, तेराशे अंश, बाराशे अंश. मग ७/३/७९.

तारखेखाली गुरुनाथने लिहिलं होतं, ‘भट्टी बंद.’

पद्मिनीने ते दोनदा वाचलं. बोटाने अक्षरांना हात लावायची मनाई होती, म्हणून पेन्सिल वरच्यावर धरून वाचलं. भट्टी बंद. त्याखाली नेहमीसारखा रकाना होता. आठ पन्नास, बावीस अंश. नऊ, बावीस अंश. नऊ दहा, बावीस अंश. बावीस म्हणजे खोलीचं तापमान. थंड भट्टीत काय असणार? प्रॅक्टिकलला एखाद्या पोराने असं लिहून आणलं असतं, तर तिने जर्नल परत फेकलं असतं.

आधी तिचं डोकं भणभणलं. भट्टी चालू नव्हतीच. सोडता न येण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. कोणी अडवलं नव्हतं, काही जळणार नव्हतं, आणि हा माणूस तिला तिथे एकटं टाकून एका थंड भट्टीपुढे जाऊन बसला होता. सत्तावीस वर्षं ती एका चालू भट्टीचा राग राग करत होती, आणि ती भट्टी नव्हतीच.

रकाना पुढे चालला होता. दहा, दहा दहा, दहा वीस. बावीस, बावीस, बावीस. एक दहा मिनिटं चुकलेली नव्हती. अकरा. बारा. एक. तिची नजर एकेक पायरी उतरावी तशी खाली येत गेली, आणि दोनच्या पुढे आपोआप मंद झाली. दोन वीस, बावीस. दोन तीस, बावीस. दोन चाळीस, बावीस. दोन पन्नास, आणि समोर आकडा नव्हता.

तिथून पानाच्या तळापर्यंत एक तिरकी रेघ मारली होती. तीही नियमाची. उरलेल्या कोऱ्या जागेत मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून मारायची असते ती. खाली गुरुनाथची सही. शेजारी वॉल्टरची. वॉल्टरने ते अख्खं पान वाचून सही केली होती आणि ते कधी कोणाला बोलला नव्हता. तोही जाऊन सहा वर्षं झाली होती.

तिला नर्स आठवली. मूल हातातून घेताना ती म्हणाली होती, तुमच्या नवऱ्याला मी फोन करते हं आता. तिला दोन पन्नास वाजता प्रयोगशाळेतला फोन वाजताना ऐकू आला.

म्हणजे तो फोनपाशी बसून होता. काम करत नव्हता. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होता, अजून फोन आलेला नाही म्हणजे मूल आहे, असं समजत होता, आणि त्याची नोंद कशी करायची ते माहीत नसल्याने हाताला जे येत होतं ते लिहीत होता. तिच्या मुलाच्या जगण्याचा तेवढाच काय तो कागद होता जगात. हॉस्पिटलचा होता तो नुसता दाखला.

‘‘भेकडा,’’ पद्मिनी मोठ्याने म्हणाली.

मेनूकार्डवाल्या गृहस्थांनी भिंग खाली ठेवलं.

‘‘अरे, मग माझ्याजवळ बसून लिहायचं होतंस ना,’’ ती वहीला म्हणाली. आवाज हळू झाला होता. ‘‘बावीस तर बावीस. मी वाचून दाखवलं असतं त्याला.’’

आणि तिला रडं फुटलं. पावणेदोन वर्षांचं नव्हे, सत्तावीस वर्षांचं. मधे कुठलं वाक्य आडवं आलं नाही. रेणू काउंटरमागून धावत आली, आणि तिने आधी काय केलं असेल, तर पद्मिनीच्या चेहऱ्याखालून वही अलगद ओढून घेतली. पान शाईचं होतं. ‘‘सॉरी काकू, सॉरी, पेपरवर पाणी नको,’’ असं पुटपुटत तिने वही शेजारच्या टेबलावर सुरक्षित ठेवली आणि मग टिश्यूचा खोका शोधायला गेली. टेबलावर नुसती उशी राहिली. पद्मिनीने त्या उशीवर डोकं टेकलं. रेणू परत आली, तिने ते बघितलं, पण उशी मागितली नाही.

साडेचार वाजले. पद्मिनीने तोंड पुसलं. रेणू शेजारच्या खुर्चीत बसून होती. ‘‘कॉपी करून देऊ का त्या पानाची?’’

पद्मिनीने विचार केला. फ्रीमाँटच्या त्या खालच्या खोलीत ते पान कुठे ठेवायचं, ते तिला सुचलं नाही. ‘‘नको. इथे नीट राहील. पण एक कर. तुमच्या यादीतल्या त्याच्या तारखा सगळ्या उलट्या लागल्यात. तो दिवस आधी लिहायचा.’’

रेणूने वहीकडे बघितलं, यादीकडे बघितलं. ‘‘ओह. ऑल फॉर्टी-वन?’’

‘‘एकूण एक. कोणी शोधायला आलं तर चुकेल. मी चुकले.’’

यादीत दुरुस्ती सुचवायची तर त्यांचा एक फॉर्म असतो. रेणूने तो आणून दिला. चूक काय, बरोबर काय, आणि आपल्याला हे कशावरून माहीत आहे, असे तीन रकाने होते. पहिले दोन पद्मिनीने भराभर लिहिले. तिसऱ्यापाशी ती थांबली. स्मोक अलार्मची गोष्ट तिथे मावणार नव्हती. तिने लिहिलं, ‘मी त्याची बायको.’

खाली तारीख घालायची होती. इतक्या वर्षांच्या सवयीने तिने आधी दहा लिहिले. मग पेन्सिलीच्या मागच्या रबराने ते खोडले आणि नीट, सरळ आकड्यांत लिहिलं, २७/१०/०६.

फॉर्म वाचून घेणाऱ्याने शेजारी सही करायची असते. रेणूने तो सगळा वाचला, तारखेपाशी तिची नजर थोडी थांबली, आणि मग काही न विचारता तिने सही केली.